टाकी मोठी होते तेव्हा फिल्टरमधल्या जिवाणूंचं काय होतं?

मासे लहान टाकीतून मोठ्या टाकीत हलवायचे ठरले की एक प्रश्न हमखास येतो: नवी टाकी पुन्हा पहिल्यापासून ‘सायकल’ करायची का, म्हणजे माशांची घाण संपवणारे जिवाणू तिच्यात नव्याने वाढवायचे का? कुणी सांगतं, महिनाभर नुसती चालू ठेवा, मग मासे सोडा. कुणी सांगतं, जुनं पाणी ओता, झालं काम. चालू टाकी हाताशी असेल तर पहिला सल्ला बहुतेक वेळा अनावश्यक असतो. दुसरा सरळ चुकीचा आहे, आणि माशांच्या जिवावर बेततो तो हाच. असं का, हे समजायला टाकीतला अमोनिया कुठून येतो, त्याला कोण संपवतं आणि ते संपवणारे राहतात कुठे, हे पाहावं लागतं.

मासा खाद्यातून जी प्रथिनं खातो, त्यांतला बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांमधून, थेट पाण्यात. म्हणजे टाकीत घाण दिसत नसली तरी अमोनिया सतत मिसळत असतो. उरलेलं खाद्य, कुजकी पानं, एखादी मेलेली गोगलगाय यांतून त्यात आणखी भर पडते. मत्स्यपालनात याचा एक ढोबळ हिशेब वापरतात: खाद्यातल्या प्रथिनांच्या वजनाला ०.०९२ ने गुणलं की त्यापासून किती अमोनिया तयार होईल (नायट्रोजनच्या मापात) याचा अंदाज येतो. रोज १ ग्रॅम खाद्य पडतं आणि त्यात ४० टक्के प्रथिनं आहेत असं धरू. दिवसाला साधारण ३७ मिलिग्रॅम झाले. ५० लिटरच्या टाकीत हे कुणी उचललंच नाही, तर रोज लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमहून जास्त भर पडत राहील.

उचलणारे असतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास मातीतले हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यानंतर कित्येक दशकं मासे पाळणाऱ्यांच्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोनच नावं होती. चित्र त्याहून गुंतागुंतीचं निघालं. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोस्पायरा करतात, नायट्रोबॅक्टर नव्हे. पुढे आर्किया या वेगळ्याच वर्गातले सूक्ष्मजीव टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनियावर काम करताना सापडले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायराही सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाले. ही नावं पाठ करायची गरज नाही. पण दुकानात बाटलीत विकत मिळणाऱ्या जिवाणूंचा परिणाम एका टाकीत लगेच दिसतो आणि दुसरीत दिसतच नाही, यामागचं एक कारण इथे आहे: बाटलीत नेमके कोण आहेत, ते जिवंत आहेत का आणि आपल्या टाकीत टिकणारे आहेत का, हे बाहेरून कळत नाही. जुन्या फिल्टरमधले मात्र त्याच पाण्यात, त्याच माशांबरोबर रुळलेले असतात.

या सगळ्यांचे दोन गुण आपल्या कामाचे. पहिला म्हणजे ते फार सावकाश वाढतात. पोटातले ई. कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. हे दुप्पट व्हायला कित्येक तास, अनेकदा दिवस-दिवस घेतात. अगदी नवी टाकी तयार व्हायला ३ ते ६ आठवडे लागतात ते म्हणूनच. दुसरा गुण म्हणजे ते चिकटून राहतात. स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगांवर, खडीवर, लाकडावर, पाइपच्या आतल्या बाजूला ते एक पातळ, बुळबुळीत थर करून असतात. जिथून प्राणवायूयुक्त पाणी सतत वाहतं, तिथे त्यांची सगळ्यात दाट वस्ती. पाण्यात तरंगणारे अगदी थोडे.

जुनं पाणी नेऊन टाकी तयार होत नाही, ती यामुळे. त्या पाण्याबरोबर नायट्रेट आणि विरघळलेली इतर घाण मात्र जाते. पीएच आणि क्षार जुळावेत म्हणून थोडं जुनं पाणी नेणं ठीक आहे, त्याचा माशांना उपयोगही होतो. पण ती सोय माशांच्या अंगाला पाणी मानवावं यासाठी. फिल्टरचं काम त्याने होत नाही.

जिवाणू लिटर मोजत नाहीत

या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही: टाकीतल्या जिवाणूंची संख्या टाकीच्या आकारावरून ठरत नाही, रोज किती अमोनिया मिळतो त्यावरून ठरते. जेवढं खायला मिळेल तेवढीच वस्ती टिकते. वरच्या उदाहरणातल्या टाकीत रोजचे ३७ मिलिग्रॅम संपवण्याइतके जिवाणू आहेत. तेच मासे, तेवढंच खाद्य आणि तोच फिल्टर २०० लिटरच्या टाकीत नेला, तर अमोनिया ३७ मिलिग्रॅमच राहतो आणि तो संपवणारेही तेवढेच राहतात. उलट जास्त पाण्यात तो विरळ होतो: लिटरमागे ०.७४ ऐवजी ०.१८ मिलिग्रॅम. काही गडबड झालीच तर तुम्हाला ती पकडायला चौपट वेळ मिळतो.

म्हणून फिल्टर जसाच्या तसा माशांसोबत गेला, तर मोठी टाकी पहिल्याच दिवसापासून चालू शकते. ५० लिटरचा फिल्टर २०० लिटरला पुरणार नाही, ही शंका रास्त आहे, पण ती प्रवाहाबद्दलची आहे. मोठ्या टाकीत पाणी सगळीकडे फिरायला हवं आणि कचरा ओढला जायला हवा. त्यासाठी ताशी टाकीच्या ४-५ पट पाणी फिरवणारा फिल्टर असावा असं साधारण धरतात. ते काम नव्या, मोठ्या फिल्टरने करावं. अमोनियाचं काम तेवढ्यात जुना फिल्टर सांभाळतो. दोन्ही एकाच टाकीत शेजारी चालू द्यावेत.

अडचण सुरू होते ती अर्धीच वस्ती हलवली गेल्यावर. पुष्कळ जण जुना फिल्टर सोबत नेतात, पण खडी टाकून देऊन नवी चकचकीत वाळू घालतात. फिल्टर मोठा आणि चांगल्या मीडियाने (जिवाणू ज्यावर राहतात त्या स्पंज, रिंगांसारख्या भरावाने) भरलेला असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. पण जुन्या टाकीत एअर पंपावरचा छोटा स्पंज असेल आणि खडीचा जाड थर असेल, तर जिवाणूंचा मोठा वाटा खडीतच असतो. खडीखालून पाणी ओढणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल तर खडी हाच फिल्टर आहे, आणि खडी फेकणं म्हणजे फिल्टर फेकणं. अशा वेळी जुनी खडी जाळीच्या पिशवीत भरून नव्या टाकीत प्रवाहाजवळ महिना-दीड महिना ठेवावी. दिसायला बरी नसेल, पण नंतर काढता येते.

घाई नसेल तर याहून सुरक्षित वाट आहे. नवा फिल्टर आणून आधी जुन्याच टाकीवर जुन्या फिल्टरबरोबर चालवायचा. चार-सहा आठवड्यांत त्याच्या मीडियावर वस्ती होते. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: दोन फिल्टर आहेत म्हणून वस्ती दुप्पट होत नाही, कारण अमोनिया तेवढाच आहे. ती दोघांत वाटली जाते. त्यामुळे हलवताना दोन्ही न्यायचे.

आधी जुन्या टाकीचं पाणी तपासा

एका बाबतीत मात्र टाकी बदलणं खरंच धोक्याचं ठरतं, आणि ते फिल्टर नीट नेऊनही होतं. जुनी, गर्दी झालेली, पाणी क्वचितच बदललं जाणारी टाकी मोठीत हलवली की दोन दिवसांत मासे मरू लागतात, आणि दोष नव्या टाकीला दिला जातो. मूळ बहुधा जुन्या पाण्यात असतं.

अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि ते पाण्यातली कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच, खाऊन टाकतं. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७.१ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. आपल्या ३७ मिलिग्रॅमच्या टाकीत रोज सुमारे २६४ मिलिग्रॅम, म्हणजे ५० लिटरमध्ये लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून जास्त. आठवड्याला जवळजवळ २ अंश केएच झाला (१ अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम). वनस्पती आणि खडीच्या तळाशी चालणाऱ्या इतर प्रक्रिया यातलं थोडं भरून काढतात, पण पाणी बदललं नाही तर एके दिवशी केएच संपतो आणि पीएच घसरतो. पीएच ६ च्या आसपास गेला की नायट्रीकरण मंदावतं, त्याखाली जवळजवळ थांबतं. अमोनिया साठू लागतो. तरीही मासे ठीक दिसतात. का?

कारण पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया वायू, जो कल्ल्यांतून आत शिरतो आणि विषारी असतो. दुसरा अमोनियम, विद्युतभार असलेला आणि त्यामानाने बराच निरुपद्रवी. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंश सेल्सियसला पीएच ६.५ असेल तर एकूण अमोनियातला मोकळा भाग ०.२ टक्क्यांहूनही कमी असतो. पीएच ७ ला सुमारे ०.६ टक्के, पीएच ८ ला ५ टक्क्यांच्या वर. समजा एकूण अमोनिया लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. पीएच ६.५ ला त्यातला मोकळा अमोनिया ०.००२ मिलिग्रॅमसुद्धा नसतो. पीएच ८ ला तोच ०.०५ च्या वर जातो, म्हणजे जवळजवळ ३० पट. नाजूक माशांना ०.०२ च्या आसपासच त्रास सुरू होऊ शकतो.

आता असे मासे, त्यांचं थोडं जुनं पाणी आणि त्या आम्लधर्मी पाण्यात मंदावलेला फिल्टर घेऊन कुणी पीएच ८ च्या ताज्या पाण्यात गेलं, तर काय होईल ते आकड्यांतच दिसतं. सोबत नेलेल्या पाण्यातला निरुपद्रवी अमोनियम विषारी रूप घेतो, माशांनी बाहेर टाकलेला नवा अमोनियाही तसाच, आणि वस्ती तर आधीच रोडावलेली. त्यात क्षारांचं प्रमाण एकदम बदलल्याचा धक्का वेगळा.

म्हणून हलवण्याआधी दोन-तीन आठवडे जुन्या टाकीचे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच मोजावेत आणि भरायच्या पाण्याशी ताडून पाहावेत. फरक मोठा असेल तर एक दिवसाआड १० टक्क्यांच्या आसपास पाणी बदलत जुनी टाकी हळूहळू नव्याच्या जवळ आणावी. एकदम निम्मं पाणी बदलून पीएच वर ढकलू नये, कारण अमोनिया साठलेल्या टाकीत तोच धक्का तुम्ही जुन्या जागी द्याल. केएच सुधारला की मंदावलेले जिवाणूही पुन्हा कामाला लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवी टाकी समोर रिकामी दिसत असताना थांबवत नाही, पण माझ्या मते टाकी बदलण्यातली सगळ्यात मोलाची मेहनत हीच.

हलवण्याचा दिवस

नवी टाकी आधी जागेवर, समतल, पाण्याने भरून, हीटर आणि नवा फिल्टर चालवून एक-दोन दिवस ठेवलेली असावी. गळती, तापमान, आवाज सगळं तेवढ्यात कळतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना जसं घातक तसंच जिवाणूंनाही, म्हणून टाकीतल्या सगळ्या पाण्याच्या मापाने अँटी-क्लोरीन घालावं. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून केलेलं जंतुनाशक) असेल तर अँटी-क्लोरीनने त्याची फोड झाल्यावर थोडा अमोनिया उरतो. मासे सोडण्याआधीच चाचणीत अमोनिया दिसला तर बहुधा तो हा असतो. जिवाणूंची वस्ती असलेला फिल्टर लागला की तो एक-दोन दिवसांत संपवतो.

मासे हलवण्याच्या आदल्या दिवसापासून त्यांना खाद्य देऊ नये. निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस सहज काढतात, आणि अमोनिया तेवढा कमी होतो.

फिल्टर मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावा. बंद पडला की मीडियाभोवतीचं पाणी थांबतं आणि आतले जिवाणू तिथला प्राणवायू काही वेळात वापरून टाकतात. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा, बंद डब्यासारखा) झाकण लावून तासन्‌तास तसाच पडला तर आत सडल्यासारखा वास येतो. तसा वास आला तर आतलं पाणी टाकीत अजिबात सोडू नये, ओतून द्यावं आणि मीडिया टाकीच्या पाण्यात विसळून घ्यावा. हलवताना मीडिया उघड्या बादलीत टाकीच्याच पाण्यात ठेवावा, आणि तासाभराहून जास्त वेळ लागणार असेल तर त्यात एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा खडा) सोडावा. अमोनिया थोडा वेळ मिळाला नाही म्हणून जिवाणू मरत नाहीत. प्राणवायू संपणं, वाळणं आणि क्लोरीन यांनी मरतात.

स्पंज मळलेला आहे, आता हाती आलाच आहे तर नळाखाली स्वच्छ करून घेऊ, हा मोह त्या दिवशी टाळायलाच हवा. फारच तुंबला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच दाबून घ्यावा. ते गढूळ पाणी नव्या फिल्टरच्या तोंडाशी थोडं ओतलं तर काही जिवाणू तिथे रुजतात. त्याहून चांगलं म्हणजे जुन्या मीडियाचा थोडा भाग नव्या फिल्टरमध्येच ठेवावा.

खडी हलवणार असाल तर आधी मासे काढून घ्यावेत. खडीच्या तळाशी साठलेला गाळ ढवळला की पाणी एकदम बिघडतं. ती टाकीच्या पाण्यात विसळून मगच नव्या टाकीत घालावी.

नंतरचे दोन आठवडे

सगळं नीट झालं तरी काही जिवाणू वाटेत गळतातच. पहिला आठवडा रोज, मग एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजावेत. द्रव चाचणी किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचे. दोन्हींपैकी काही लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमपर्यंत चढलं तर खाद्य निम्मं करावं, ०.५ ला पोहोचलं तर २५-३० टक्के पाणी बदलावं. पाणी बदलल्याने वस्ती वाढायला उशीर होईल ही भीती बाळगू नये. जिवाणू अगदी थोड्या अमोनियावरही वाढतात, मासे मात्र फार वेळ सोसू शकत नाहीत.

नायट्राइट चढलं तर मासे पाण्यात प्राणवायू असूनही धापा टाकतात, कारण ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. नायट्राइट आणि क्लोराइड कल्ल्यांतून एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे पाण्यात क्लोराइड पुरेसं असेल तर नायट्राइट बाहेर अडतं. १० लिटरला १ ग्रॅम साधं मीठ घातलं की लिटरमागे सुमारे ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळतं, आणि किरकोळ चढावाला ते पुरतं. हे फक्त वेळ मिळवण्यासाठी. पाणी बदलणं त्याने टळत नाही.

या काळात पाणी दुधाळ झालं तर घाबरून फिल्टर धुऊ नये. ते बहुधा सेंद्रिय कचऱ्यावर वाढणारे दुसरे, झपाट्याने दुप्पट होणारे जिवाणू असतात आणि काही दिवसांत आपोआप बसतात. ते प्राणवायू खूप वापरतात, म्हणून एअर पंप जोरात चालू ठेवावा. झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती असतील तर त्या अमोनियम थेट शोषतात आणि मोठा आधार देतात. मला तर नव्या टाकीत तरंगत्या वनस्पती भरपूर असाव्यात असंच वाटतं.

नवी टाकी मोठी, म्हणजे लगेच खूप नवे मासे, हा हिशेब मात्र चुकतो. जिवाणू जुन्या माशांपुरतेच आहेत, हे वर पाहिलं. खाद्य १ ग्रॅमवरून एकदम ३ ग्रॅमवर गेलं की दोन तृतीयांश अमोनियाला वाली नाही, मग टाकी कितीही लिटरची असो. महिनाभर आकडे शून्यावर राहिले की थोडे मासे, पुन्हा दोन-तीन आठवडे थांबून थोडे. एका वेळी एकूण खाद्य पाव किंवा फार तर तिसऱ्या हिश्श्याने वाढेल इतपतच.

जुन्या टाकीत मासे नव्हतेच, किंवा रोगामुळे फिल्टर टाकून द्यावा लागला, तर टाकी माशांशिवाय सायकल करावी. सुगंध आणि साबण नसलेला शुद्ध अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत घालायचा, तो आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर येईपर्यंत रोज मोजत राहायचं. ५ मिलिग्रॅमच्या वर नेलं तर काम लवकर होण्याऐवजी रखडतं. शेवटी साठलेलं नायट्रेट मोठं पाणी बदलून काढायचं आणि त्याच दिवशी मासे सोडायचे.

जुना फिल्टर चार-सहा आठवड्यांनी काढता येतो. काढण्याआधी एक दिवस तो बंद ठेवून पाहावा. त्याचा मीडिया मात्र तेवढा वेळ बादलीत, टाकीतून काढलेल्या पाण्यात एअर स्टोन सोडून ठेवावा. दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले तर नवा फिल्टर एकटा पुरेसा आहे. थोडं जरी दिसलं तरी जुना पुन्हा लावून आणखी दोन आठवडे थांबावं. आणि काढला तरी त्याचा एक स्पंज मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात चालूच ठेवावा. पुढे कधी एखादा आजारी मासा वेगळा काढावा लागला, किंवा नवे मासे आधी वेगळे ठेवायचे असले, की तोच स्पंज रिकाम्या जुन्या टाकीत लावून ती त्याच दिवशी वापरता येते.